खाड्याची भरपाई : फराह पामर आणि स्त्रियांची रग्बी

रग्बी हा शब्द ऐकला की आपल्याकडील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चिखलात माखलेले, एकमेकांच्या अंगावर कोसळलेले धिप्पाड पुरुष उभे राहतात. त्या चित्रात बाई कोठेच नसते. म्हणून ह्या व्याख्यानमालेसाठी आम्ही रग्बी खेळणाऱ्या एका स्त्रीचा विषय निवडला, तेव्हा एका वडीलधाऱ्या मित्राने विचारले, "अहो, कामगारांचे प्रश्न संपले की काय?" प्रश्न थट्टेचा होता, पण त्याचे उत्तर थट्टेचे नाही. ह्या खेळाच्या इतिहासात मध्यभागी जो वाद बसलेला आहे तो मजुरीचा आहे. घाम गाळणाऱ्याच्या बुडालेल्या दिवसाचे पैसे कोणी द्यायचे, हा तो वाद. आम्ही आयुष्यभर दुसरे काही केलेले नाही. तेव्हा हा विषय आमच्या हद्दीबाहेरचा आहे असे आम्हांला वाटत नाही.

आधी नावाचाच घोटाळा दूर करू. ह्या खेळाचे पूर्ण नाव 'रग्बी युनियन'. युनियन म्हटले की आमच्यासारख्याचे कान टवकारतात. पण ही युनियन कामगारांची नव्हे. १८७१ साली लंडनमध्ये क्लबांची जी मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, तिचे हे नाव. तिचे चालक सुखवस्तू घरचे, मोठ्या शाळांतून शिकलेले गृहस्थ होते. त्यांच्या लेखी खेळ हा हौसेचा मामला. खेळण्याबद्दल पैसा घेणे म्हणजे खेळ बाटवणे. परंतु खेळ उत्तरेकडे, यॉर्कशायर आणि लँकेशायर ह्या परगण्यांत पसरला, तेथे तो गिरणीकामगार आणि खाणकामगार खेळू लागले. त्यांना शनिवारी अर्धा दिवस सुट्टी. परगावचा सामना असला की तो अर्धा दिवसही पुरत नसे. मग खाडा पडे, आणि खाडा पडला की मजुरी कापली जाई. उत्तरेच्या क्लबांनी मागणी केली ती साधी होती: खेळण्याचे पैसे नकोत, पण खेळामुळे जी मजुरी बुडते तिची भरपाई क्लबाला देऊ द्या. १८९३ मध्ये मध्यवर्ती संस्थेने ही मागणी बहुमताने फेटाळली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातील जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे सुमारे वीस क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. त्यांच्या नव्या संस्थेने खाड्याची भरपाई दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत मान्य केली. त्यातूनच पुढे रग्बी लीग हा निराळा खेळ झाला. जे मागे राहिले ते युनियनवाले. आणि त्यांनी 'पैसा नको' हे व्रत पुढे शंभर वर्षे पाळले, निदान कागदोपत्री पाळले.

हे व्रत कोणाला परवडते, ते आम्ही वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याच्या घरी चूल दुसऱ्या कोणाच्या कमाईवर पेटते त्याला हौस परवडते. गिरणीतल्या माणसाला ती परवडत नाही. आणि त्याहीपुढे एक पायरी आहे, जिच्याकडे १८९५ साली कोणाचे लक्षच गेले नव्हते: ती म्हणजे बाई.

ज्या देशात रग्बी हा जवळजवळ राष्ट्रधर्म झाला त्या न्यूझीलंडकडे आता वळू. लोकसंख्या आजही पन्नास लाखांच्या आसपास. पण पुरुषांचा रग्बी संघ जगात अजिंक्य म्हणून गाजलेला. हाच देश १८९३ मध्ये स्त्रियांना संसदेसाठी मतदानाचा हक्क देणारा पहिला स्वशासित देश ठरला. पण त्याच्या दोनच वर्षे आधी, १८९१ मध्ये, ऑकलंडच्या नीटा वेब ह्या बाईने स्त्रियांचा रग्बी संघ उभारून दौऱ्यावर नेण्याचा बेत केला, तेव्हा वृत्तपत्रांतून एवढी ओरड झाली की तो बेत बारगळला. मत देणारी बाई समाजाने मान्य केली. अंगाला अंग भिडवून झुंजणारी बाई मात्र शंभर वर्षे मान्य केली नाही. १९८० नंतर विद्यापीठांतून आणि काही क्लबांतून मुली खेळू लागल्या, तेव्हा कोठे ही गोठ फुटली.

ह्या मुलींपैकी एक फराह पामर. जन्म १९७२ चा, ते कुइटी ह्या छोट्या गावचा. बालपण जवळच्याच पिओपिओ गावात गेले. हा मुलूख मेंढ्यांचा, लोकर कातरणाऱ्यांचा. ह्याच भागात शेती करणारे कॉलिन मीड्स हे पुरुषांच्या रग्बीतील दैवत. २०१७ मध्ये ते कुइटीत त्यांचा पुतळा बसविण्यात आला. फराह माओरी आहेत, म्हणजे गोरे येण्यापूर्वीपासून त्या भूमीवर राहणाऱ्या लोकांपैकी. त्या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासासाठी दक्षिणेकडे डनीडिन येथील ओटागो विद्यापीठात गेल्या आणि तेथे रग्बी खेळू लागल्या. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या मुलखात पोराला चालता येण्याआधी चेंडू देतात, त्या मुलखातील मुलीला हा खेळ हाती लागला तो घर सोडून विद्यापीठात गेल्यावर. खेळ तोच, गाव तेच. पण मुलीची वाट लांबची.

त्या कोणत्या जागी खेळत, हे सांगितल्याशिवाय त्यांची कामगिरी कळणार नाही. म्हणून खेळाचा थोडा परिचय करून देतो. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. सामना चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन डावांचा. चेंडू लांबट, नारळासारखा. तो हातात घेऊन पळायचे आणि प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीवर टेकवायचा. ह्याचे पाच गुण. नंतर खांबांमधून लाथेने चेंडू उडवला की आणखी दोन. दंड म्हणून मिळालेली लाथ खांबांमधून गेली तर तीन. मुख्य नियम एकच आणि तोच अवघड: चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. पुढे जायचे तर चेंडू मागच्याच्या हाती द्यायचा. ज्याला पुढे जायचे आहे त्याला मागच्यावर विश्वास ठेवावा लागतो, असा हा खेळ आहे.

पंधरांपैकी आठजणी पुढच्या फळीतल्या. खेळ काही कारणाने थांबला की ह्या आठजणी एकमेकींना मिठ्या घालून वाकतात; समोरच्या आठजणी तशाच वाकतात; आणि दोन्ही तटांची डोकी एकमेकांत अडकून जी रेटारेटी सुरू होते तिला स्क्रम म्हणतात. पहिल्या रांगेत तिघी, त्यांच्या मागे पाचजणी. पहिल्या रांगेच्या दोन टोकांना ज्या असतात त्यांना प्रॉप म्हणजे टेकू म्हणतात. आणि दोन टेकूंच्या मधोमध जी असते ती हुकर. तिचे दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या सोबतिणींच्या खांद्यांवर गुंतलेले. समोरून आठजणींचा रेटा, मागून आपल्याच माणसांचा रेटा, आणि मान मध्ये. चेंडू आत आला की तिने पायाने तो आकड्याने ओढावा तसा मागे ओढायचा. म्हणून ती हुकर. तोल गेला तर हात टेकायला मोकळे नाहीत. शिवाय चेंडू मैदानाच्या बाजूबाहेर गेला की दोन रांगांच्या मधोमध तो नेमका फेकण्याचे कामही तिचेच. आम्ही हमालांबरोबर काही वर्षे काम केले आहे. मोठा डाग उचलताना चौघे चार कोपऱ्यांना असतात आणि सगळ्यांत जाणता गडी असतो तो अशा जागी, की जेथे पाय घसरला तर डाग त्याच्यावरच येईल. हुकरची जागा ती आहे. फराह पामर ह्या हुकर होत्या.

१९९६ मध्ये त्या न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघातून प्रथम खेळल्या आणि १९९७ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आत, कर्णधार झाल्या. त्यापूर्वीची परिस्थिती कशी होती? स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९९१ मध्ये वेल्समध्ये झाली. ती कोणत्याही अधिकृत संस्थेने भरवली नव्हती. लंडनच्या रिचमंड क्लबातल्या चार स्त्रियांनी आपली कामे सांभाळून ती उभी केली. बारा संघ आले. सोव्हिएत संघ आला तो पैशांवाचून. खर्च भागवण्यासाठी त्या खेळाडूंनी बरोबर आणलेली व्होडका आणि माशांची अंडी विकण्याचा प्रयत्न केला, तेव्हा जकातवाल्यांनी चौकशी लावली आणि अखेर स्थानिक लोकांनी मदत करून त्यांची सोय लावली. न्यूझीलंडचा संघ तेथे उपांत्य सामन्यात अमेरिकेकडून ०-७ असा हरला. १९९४ ची पुढची स्पर्धा स्कॉटलंडमध्ये झाली. तिला आंतरराष्ट्रीय मंडळाची मान्यता नाही म्हणून न्यूझीलंडच्या रग्बी संस्थेने आपला संघ पाठविलाच नाही. मान्यता नाही म्हणून संघ नाही, आणि संघ नाही म्हणून मान्यता नाही, असा हा फेरा होता.

फेरा तुटला तो १९९८ मध्ये. त्या वर्षी ॲम्स्टरडॅम येथे मंडळाच्या मान्यतेने पहिली जागतिक स्पर्धा झाली. सोळा संघ होते. पामर यांच्या संघाने उपांत्य सामन्यात तेव्हाच्या जगज्जेत्या इंग्लंडला ४४-११ असे आणि अंतिम सामन्यात अमेरिकेला ४४-१२ असे हरविले. २००२ मध्ये बार्सिलोना येथे अंतिम सामना पुन्हा त्यांनी जिंकला, इंग्लंडविरुद्ध १९-९. २००६ मध्ये कॅनडातील एडमंटन येथे तिसऱ्यांदा. पुन्हा इंग्लंडविरुद्ध, २५-१७. एकाच कर्णधाराच्या हाताखाली सलग तीन जागतिक विजेतेपदे. दहा वर्षांत त्या ३५ आंतरराष्ट्रीय सामने खेळल्या आणि त्यांच्या कर्णधारपदाच्या काळात संघ फक्त एकदा हरला. तो पराभव २००१ मधला, मायदेशातच, इंग्लंडकडून १७-२२ असा. १९९१ नंतर दहा वर्षांनी संघाने पाहिलेला तो पहिला पराभव.

आता ह्या आकड्यांकडे आमच्या धंद्याच्या नजरेने पाहू. वाचकाला 'एकच पराभव' दिसेल. आम्हांला ३५ हा आकडा दिसतो. दहा वर्षांत ३५ म्हणजे वर्षाला सरासरी साडेतीन सामने. जगातला सर्वश्रेष्ठ संघ वर्षाकाठी साडेतीनदा मैदानावर उतरतो! इंग्लंडच्या रॉकी क्लार्क ह्या पुढे १३७ सामने खेळून निवृत्त झाल्या, त्याशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. फरक कर्तबगारीचा नाही. न्यूझीलंड जगाच्या एका टोकाला. तोलामोलाचे प्रतिस्पर्धी युरोपात आणि उत्तर अमेरिकेत. प्रवासाचा खर्च मोठा आणि तो स्त्रियांच्या संघावर करावा असे वाटणारे थोडे. पुरुषांच्या संघाला हेच अंतर आड आले नाही. म्हणजे अंतर मैलांचे नव्हते, तिजोरीचे होते.

तिजोरीचीच गोष्ट निघाली तर सांगितले पाहिजे. शंभर वर्षांचे ते 'पैसा नको'चे व्रत ऑगस्ट १९९५ मध्ये मोडले. दूरचित्रवाणीच्या कंपनीने न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका ह्या तिन्ही देशांच्या सामन्यांसाठी दहा वर्षांचे पन्नास कोटी डॉलरांहून अधिक देऊ केले, आणि आंतरराष्ट्रीय मंडळाने पॅरिसच्या बैठकीत खेळ खुला झाल्याचे जाहीर केले. पुरुष खेळाडू पगारी झाले. पामर यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना त्यानंतर एका वर्षाने. त्यांची सगळी कारकीर्द ही अशा काळातली, की शेजारच्या मैदानावर तोच खेळ, तोच नियम, तोच काळा पोशाख; पण एकाला वेतन आणि दुसरीला शाबासकी. हडर्सफील्डच्या गिरणीकामगाराने १८९५ मध्ये जी मागणी केली होती, ती शंभर वर्षांनी सर्वांना मिळाली असे आपण समजतो. ती निम्म्यांनाच मिळाली.

मग ह्या स्त्रिया खेळत कशा? काम करून खेळत. पामर यांच्याच संघातील ॲना रिचर्ड्स ह्या वकील. पुढे २०१७ मध्ये ज्यांच्या नेतृत्वाखाली संघ पुन्हा जगज्जेता झाला त्या फियाओ फामाउसिली ह्या ऑकलंडच्या पोलिसांत गुप्तहेर अधिकारी. त्याही हुकरच, आणि पामर यांच्या हाताखाली तयार झालेल्या. पामर स्वतः कर्णधार असतानाच शिकत होत्या. २००० मध्ये, म्हणजे दोन विश्वविजयांच्या मधल्या काळात, त्यांना ओटागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषयही आपल्या जगण्यातूनच घेतलेला: माओरी मुली, शारीरिक शिक्षण, खेळ आणि त्यांमागची सत्ता. पुढे त्या पामरस्टन नॉर्थ येथील मॅसी विद्यापीठात प्राध्यापकी करू लागल्या. ह्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण कौतुक करताना एक सावधगिरी पाळावी. 'बघा, नोकरी करून, अभ्यास करून ती जगज्जेती झाली' असे म्हणणे सोपे आहे. ज्या शेकडो मुलींना नोकरी सोडवेना, रजा मिळेना, लेकरू कोणाकडे ठेवावे ते कळेना, आणि म्हणून ज्या मैदानावर आल्याच नाहीत, त्यांची नावे कोणत्याही गुणफलकावर नाहीत. वीरांगनेची कथा सांगून व्यवस्थेचा दोष झाकण्याची आपल्याला फार सवय आहे.

हे आम्ही दुसऱ्यांना शिकवावे असा आमचा अधिकार नाही, हेही येथेच कबूल करतो. आमच्या भागातल्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात काम करणारी एक मुलगी कबड्डी फार चांगली खेळे. जिल्ह्याच्या संघातून ती परगावी गेली आणि तिचे चार दिवसांचे पैसे कापले गेले. ती आमच्याकडे आली. आम्ही तिला सांगितले, "बाई, बोनसचा तंटा चालू आहे. खेळाच्या रजेची मागणी युनियनने कशी करायची?" ती म्हणाली, "दादा, ट्रॉफी आली तेव्हा साहेबांनी ऑफिसात ठेवली. मग माझे चार दिवस कुणाचे?" आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी तिने खेळ सोडला. लग्न झाले म्हणून, असे लोक म्हणाले. आम्ही हडर्सफील्डची हकिकत पुस्तकात वाचली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आणि वाचताना सहा शिलिंगांपेक्षा तिचे ते चार दिवसच डोळ्यांपुढे येत राहिले. ट्रॉफी ज्याच्या कपाटात जाते त्याने खाडा भरून द्यावा, एवढा साधा हिशोब आम्हांला तेव्हा मांडता आला नाही.

न्यूझीलंडमध्ये हा हिशोब मांडला गेला तो २०१८ मध्ये. त्या वर्षी रग्बी संस्था आणि खेळाडूंची संघटना यांच्यात करार होऊन सुमारे तीस स्त्री खेळाडूंना प्रथमच ठराविक मानधन आणि शिबिराच्या दिवसांचे पैसे मिळू लागले. पूर्ण पगार नव्हे. पण खाड्याची भरपाई तरी. लक्षात घ्या, संघ तोवर पाच वेळा जगज्जेता झालेला होता. पाच विश्वचषकांनंतर पहिला करार! इंग्लंडने जानेवारी २०१९ पासून २८ स्त्री खेळाडूंना पूर्णवेळ करार दिले. त्याआधी २०१७ मध्ये त्यांच्याच संस्थेने स्पर्धेनंतर करार पुढे चालू ठेवायचे नाहीत असे ठरविल्यामुळे मोठा गदारोळ झाला होता. २०२३ मध्ये तेथे खेळाडूंना सव्वीस आठवड्यांची पूर्ण पगारी बाळंतपणाची रजा मान्य झाली. आपल्या देशात २०१७ च्या दुरुस्तीने कामगार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी हीच सव्वीस आठवड्यांची मुदत कायद्याने मिळाली, हे वाचकांना ठाऊक असेल. जगभरची मागणी कशी एकाच मापाची होत जाते, त्याचा हा मासला.

करार झाला म्हणजे सारे झाले असे मात्र नाही. हा अनुभव आमचाही आहे. २०२१ च्या अखेरीस न्यूझीलंडच्या संघातील एका अनुभवी हुकरने प्रशिक्षकाच्या बोलण्यामुळे आपले मन कसे खचले ते जाहीरपणे लिहिले. चौकशी झाली, एप्रिल २०२२ मध्ये तिचा अहवाल आला, संघातील वागणुकीत आणि व्यवस्थेत दोष आढळले आणि प्रशिक्षकांनी राजीनामा दिला. पगाराबरोबर मानही मागावा लागतो आणि तोही एकेकटीने बोलण्याचे धाडस केल्यावरच मिळतो. त्याच वर्षी स्त्रियांची 'सुपर रग्बी आउपिकी' ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, आणि नोव्हेंबरमध्ये ऑकलंडच्या ईडन पार्कवर ह्याच संघाने इंग्लंडला ३४-३१ असे हरवून सहावे विजेतेपद मिळविले. पाहायला ४२,५७९ लोक होते.

ह्या साऱ्यात पामर कोठे होत्या? खेळ सोडल्यावर अनेक खेळाडू आठवणी सांगत बसतात. पामर जेथे निर्णय होतात त्या टेबलाशी जाऊन बसल्या. न्यूझीलंडची रग्बी संस्था १८९२ ची. तिच्या संचालक मंडळावर पहिली स्त्री येण्यास २०१६ साल उजाडावे लागले, आणि ती स्त्री म्हणजे पामर. त्या मंडळावर आल्या त्या माओरी समाजाच्या प्रतिनिधी म्हणून. त्याच वर्षीपासून देशातील स्त्रियांच्या प्रांतिक स्पर्धेचा करंडक त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने आपल्या सन्मानपटावर ज्या पहिल्या स्त्रिया घेतल्या त्यांत त्या होत्या. २०२३ मध्ये त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. किताबांचे आम्हांला फारसे अप्रूप नाही. पण मंडळावरील खुर्चीचे महत्त्व आम्ही जाणतो. स्क्रमच्या मधोमध मान घालून जिने दहा वर्षे काढली, तिला अंदाजपत्रकातील ओळ कोणाच्या मानेवर पडते ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मंडळात ती होती आणि त्याच काळात पहिला करार झाला. त्याचे सारे श्रेय आम्ही एका व्यक्तीला देत नाही. करार हे कधीच एकट्याचे काम नसते. पण टेबलाच्या त्या बाजूला आपले माणूस असणे आणि नसणे यांतला फरक ज्याने वाटाघाटी केल्या आहेत त्याला कळतो.

येथे एक आक्षेप नेहमी निघतो, आणि तो खोटा आहे असेही नाही. लोक म्हणतात, पुरुषांचे सामने पाहायला गर्दी होते, म्हणून पैसा येतो. स्त्रियांचे सामने पाहायला लोक येत नाहीत, मग पैसा कोठून द्यायचा? युक्तिवाद दुकानदाराच्या दृष्टीने बरोबर आहे. पण त्यात एक पायरी गाळलेली आहे. वर्षाला साडेतीन सामने, तेही दूरदेशी आणि पडद्यावर न दिसणारे. मग गर्दी जमायची कोठे? आधी मैदान द्यावे लागते, वेळ द्यावा लागतो, सरावाला मोकळीक द्यावी लागते. गर्दी मागाहून येते. २७ सप्टेंबर २०२५ रोजी लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर स्त्रियांच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ असे हरविले, आणि तो पाहायला ८१,८८५ माणसे बसली होती. ज्यांनी १९९१ मध्ये घरच्या खाऊन ती पहिली स्पर्धा भरवली त्यांपैकी एक, डेबोरा ग्रिफिन, त्याच वर्षी इंग्लंडच्या रग्बी संस्थेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. पण त्याच सामन्यातील पराभूत कॅनडाच्या संघाला स्पर्धेच्या तयारीसाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती, हेही विसरू नये. व्होडका विकणाऱ्या सोव्हिएत खेळाडूंपासून वर्गणी मागणाऱ्या कॅनडाच्या खेळाडूंपर्यंत चौतीस वर्षे झाली. वाट संपलेली नाही.

आपल्याकडे हा खेळ गोऱ्या पलटणींबरोबर आला. कलकत्त्याच्या रग्बी क्लबाने १८७८ च्या सुमारास क्लब मोडताना शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविला आणि इंग्लंडला पाठविला. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात तो आजही खेळला जातो. मुंबईत जिमखान्यावर हा खेळ बराच काळ साहेबांचा आणि मग साहेबी वळणाच्या लोकांचा राहिला. पण २०१८ मध्ये भारताच्या स्त्रियांचा पंधराजणींचा संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय सामन्यांत उतरला, आणि २०१९ मध्ये सिंगापूरला हरवून त्याने पहिला विजय मिळविला. त्या संघाच्या कर्णधार पुण्याच्या वहबिझ भरुचा होत्या, आणि संघात ओडिशातील आदिवासी मुली होत्या. ह्या मुलींचे नाव आपल्यापैकी कितीजणांच्या कानांवर आले? आमच्या तरी फार उशिरा आले.

पामर यांच्या चरित्रातून आम्ही घेतो तो धडा असा. गुण असणे पुरेसे नसते. गुण दाखविण्याला जो वेळ लागतो तो कोणीतरी विकत घेतलेला असतो. पुरुषाचा तो वेळ त्याची संस्था विकत घेते, किंवा घरातली बाई स्वतःच्या श्रमाने त्याला मोकळा करून देते. बाईला तो वेळ कोण देतो? हा प्रश्न रग्बीचा नाही, न्यूझीलंडचा नाही; आपल्या वस्तीतल्या कबड्डीच्या मैदानावर संध्याकाळी साडेपाचला मुली घरी का परततात आणि मुले साडेसातपर्यंत का खेळतात, त्याचा आहे.

रग्बीचा तो नियम आम्हांला म्हणूनच आवडतो: चेंडू पुढे फेकता येत नाही. जी पुढे गेली तिला मागे वळून पाहावेच लागते, मागून येणारीच्या हाती चेंडू द्यावाच लागतो. पामर यांनी तो फामाउसिलींच्या हाती दिला, त्यांनी पुढच्यांच्या. आमच्याकडे ती पॅकिंग खात्यातली मुलगी चेंडू घेऊन आली होती. आम्ही हात पुढे केला नाही. तिच्या मुलीचे वय आता खेळायचे झाले असेल. निदान तिचा खाडा कोणी कापू नये, ह्यासाठी जे करता येईल ते ह्या सभेतून बाहेर पडल्यावर करावे, एवढेच मागणे मागून हे विवेचन पुरे करतो.